रस्त्यावरच्या मनोरुग्णाला मदत करताना: नागपुरातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

थंडी पडली की नागपुरात ब्लँकेट वाटणारे आणि रात्री खिचडी घेऊन फिरणारे गट वाढतात. बर्डी, रेल्वे स्टेशन, गणेशपेठ बसस्थानक, मेडिकल चौक असा बहुतेकांचा फेरा असतो. या फेऱ्यात काही माणसं अशी भेटतात की त्यांच्यापुढे डबा धरावा की नाही, हेच नव्या मुलामुलींना कळत नाही. कुणी स्वतःशीच बोलत असतं, कुणी भर मे महिन्यात एकावर एक तीन स्वेटर घालून बसलेलं असतं, कुणी जवळ गेलं की शिव्या देतं, तर कुणी तासन्‌तास एका जागी बसून असतं आणि चकार शब्द बोलत नाही. हा लेख त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी आहे.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. जेवढी मदत तुम्हाला पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यातही जमणार आहे, तेवढीच आज करा. या माणसांना घरच्यांनी, गावानं, कधी उपचार अर्धवट सोडून दवाखान्यानंही दूर लोटलेलं असतं. त्यात आजारामुळे कुणावर विश्वास ठेवणंच अवघड झालेलं असतं. अशा वेळी कुणीतरी येतं, चार दिवस जीव लावतं आणि पाचव्या दिवशी गायब होतं. त्याचा घाव मोठा असतो आणि पुढच्या स्वयंसेवकाला तो भोगावा लागतो. म्हणून स्वतःची मर्यादा आखणं हा या कामातला अगदी पहिल्या दिवसाचा धडा आहे.

जाण्याआधी बघा आणि विचारा

दुरूनच डबा घेऊन धावत जाऊ नका. पाच मिनिटं बाजूला थांबा आणि बघा. माणूस चालतो कसा, पायाला जखम आहे का, पाणी जवळ आहे का, आजूबाजूची पोरं त्याला छळतात का. मग जवळच्या पानठेल्यावर जा. पानठेलेवाला, ऑटोस्टँडवरचे चालक, पहाटे झाडायला येणाऱ्या सफाई कामगार ताई यांना त्या माणसाबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही. तो कधीपासून इथे आहे, काय खातो, कशानं भडकतो, आधी कुणी घ्यायला आलं होतं का, हे सगळं ते सांगतात.

आजाराचं नाव ठरवण्याच्या भानगडीत पडू नका. तो स्किझोफ्रेनिया आहे की आणखी काही, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही एवढंच पाहायचं की हा बदल अचानक झालेला आहे का. काल नीट बोलणारा माणूस आज एकदम बरळतोय, झोकांड्या खातोय, तर ते डोक्याला लागलेलं असू शकतं, फिट येऊन गेलेली असू शकते, साखर उतरलेली असू शकते, ताप मेंदूत गेलेला असू शकतो. तेव्हा गप्पा मारत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

उन्हाळ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. मनोविकाराच्या काही औषधांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते. ज्यांची औषधं सुटली आहेत, त्यांनाही पुष्कळदा तहान जाणवत नाही, अंगावरचे थर काढावेसे वाटत नाहीत. अंग तापलेलं आहे, घाम थांबला आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, तर त्याला वेडाचा झटका समजू नका. तो उष्माघात असू शकतो आणि तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. १०८ ला फोन करा, त्याला सावलीत आणा, अंग ओल्या कापडानं पुसा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

भाषा कोणती, ते शोधा

हावडा ते मुंबई आणि दिल्ली ते चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे भ्रमिष्ट अवस्थेत कुठल्याही गाडीत बसलेला माणूस इथे उतरू शकतो, आणि उतरतोही. आपण मराठीत विचारतो, मग हिंदीत विचारतो, उत्तर आलं नाही की "याला काही समजत नाही" असं ठरवून मोकळे होतो. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. स्टेशनजवळ एक म्हातारे बाबा बरेच दिवस मुके समजले जात होते. कामठीकडच्या एका मुलीनं सहज तेलुगूत "अन्नं तिन्नारा?" म्हणजे जेवलात का, असं विचारलं आणि ते बोलायलाच लागले.

नागपुरात बंगाली, तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी, गोंडी, तमिळ बोलणारे सगळे आहेत. तुमच्या गटातल्या प्रत्येकाला कोणती भाषा येते, याची यादी करून ठेवा. फोनवरही बोलता येतं. आईच्या भाषेतला एक प्रश्न कानावर पडला तर गावाचं नाव कळू शकतं, आणि गावाचं नाव कळलं की घर सापडण्याची वाट निघते.

जवळ कसं जायचं

समोरून, तिरकं, सावकाश जा. पाठीमागून कधीच जाऊ नका. दोन हात अंतर ठेवा आणि त्याच्या निघून जायच्या वाटेत उभे राहू नका. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाभोवती पाच जणांनी कोंडाळं केलं तर तो घाबरणारच, आणि घाबरलेला माणूस हात उचलू शकतो. एकानं बोलावं, दुसऱ्यानं थोडं मागे, दिसेल असं थांबावं. बाकीच्यांनी पुढच्या चौकात जावं.

मोबाईल खिशात ठेवा. टॉर्च तोंडावर मारू नका. आपल्याकडे "काका", "मावशी", "भाऊ" म्हणतो तसंच म्हणा आणि "तुम्ही"च म्हणा. मळके कपडे पाहून "ए, ऊठ" असं तोंडातून निघतं, ते आधी बंद करायचं. पहिलं वाक्य छोटं असू द्या: "काका, जेवले का जी? खिचडी आणली आहे. इथे ठेवू का?" उत्तराची वाट पाहा. आजारात विचार संथ झालेला असेल तर एका प्रश्नाचं उत्तर यायला अर्धा मिनिटही लागतो. आपण तेवढ्यात तीन प्रश्न विचारून टाकतो.

ते "नको" म्हणाले तर "बरं, मी शुक्रवारी परत येईन" म्हणून निघा. आणि शुक्रवारी या.

भास आणि संशय यांच्याशी वाद घालू नका. "पोलिसांनी माझ्या डोक्यात मशीन बसवली आहे" असं कुणी म्हणालं, तर "असं काही नसतं हो" म्हणण्यानं तुम्ही त्याच्या शत्रूंच्या यादीत जाता. "हो, बसवली आहे खरी" म्हणणंही चुकीचं, कारण ते खोटं आहे आणि त्यानं त्याची भीती पक्की होते. मी असं म्हणते: "मला ती मशीन दिसत नाही काका, पण तुम्हाला फार त्रास होतोय हे दिसतंय. रात्री झोप लागते का?" बोलणं झोप, भूक, दुखणं यावर आणलं की बरीच माणसं उत्तर देतात. याच उत्तरांचा पुढे डॉक्टरांना उपयोग होतो.

काय द्यायचं

केळी, पोहे, खिचडी, पोळी-भाजी. तिखट नको, कारण बऱ्याच जणांच्या तोंडात फोड असतात आणि पोट बिघडलेलं असतं. ज्यांना विष घालतील असा संशय असतो, त्यांना बंद बाटली द्या आणि झाकण त्यांनाच उघडू द्या. सोलून खायचं फळही अशा वेळी बरं पडतं. चप्पल, साबण, सॅनिटरी पॅड, गमछा या वस्तू ब्लँकेटपेक्षा कमी मिळतात आणि जास्त लागतात.

रोख पैसे मी देत नाही. रस्त्यावरच्या आजारी माणसाकडे पैसे आहेत हे कळलं की रात्री ते हिसकावले जातात, मारहाणही होते. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण गटात सगळ्यांनी एकच नियम पाळा. एक जण पन्नास रुपये देतो आणि दुसरा देत नाही, यातून भांडणं होतात आणि ती मग त्या दुसऱ्यावर निघतात.

तुमच्या मर्यादा

शब्दापासून सुरुवात करा. "उद्या येतो" हे आपण सहज म्हणतो. ज्याच्याकडे घड्याळ नाही, काम नाही, कुणी येणारं नाही, तो माणूस त्या "उद्या"ची वाट पाहत असतो. त्यामुळे येणार असाल तोच दिवस सांगा. "तुम्हाला घरी पोचवतो", "नोकरी लावून देतो", "बरे व्हाल" ही वचनं देऊच नका. ती पाळणं एकट्याच्या हातात नसतं.

फोन नंबर गटाचा द्या, स्वतःचा देऊ नका. घराचा पत्ता, कॉलेज, ऑफिस सांगू नका. हे मुलींनी तर पाळायचंच, मुलांनीही पाळायचं. कुणाला स्वतःच्या घरी नेऊ नका, कितीही पाऊस असला तरी. हे कठोर वाटतं, मला ठाऊक आहे. पण औषध सुटलेल्या माणसाची रात्री तीन वाजता तब्येत बिघडली तर तुमच्या घरात ना डॉक्टर असतो ना दुसरा मदतनीस, आणि त्या गोंधळात पहिला धक्का त्यालाच बसतो. पावसाच्या रात्री महापालिकेच्या निवारागृहात जागा आहे का ते विचारा. त्यासाठी तुमच्या भागातल्या निवारागृहाचा नंबर आधीपासून जवळ ठेवा.

एकट्यानं फेरी करू नका. मुलींनी दोघी किंवा तिघी राहावं, आणि कुणाच्या बोलण्यात, नजरेत वावगं वाटलं तर तिथून निघण्यासाठी कारण द्यायची गरज नाही. माणूस आजारी आहे म्हणून त्याचा नको तो स्पर्श सहन करायचा, असं कुठेही लिहिलेलं नाही. स्पष्ट, शांत आवाजात म्हणा: "काका, हात लावायचा नाही. मी आता जाते. शुक्रवारी डबा मिळेल." डबा त्या शुक्रवारी दुसऱ्या कुणीतरी न्यावा. मर्यादा पाळली गेली आणि जेवणही थांबलं नाही, हे दोन्ही त्या माणसाला कळायला हवं.

शिव्या बहुतेक वेळा तुम्हाला नसतात. ज्या आवाजाशी तो भांडतो आहे, त्याला असतात. पण आवाज चढत चालला, मुठी वळल्या, तो येरझारा घालू लागला, हातात दगड आला, तर मागे सरका आणि जागा सोडा. दारू किंवा गांजा घेतलेला असेल तर त्या दिवशी बोलणं नकोच. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उचलत नाहीत. रस्त्यावर मार खाणारे बहुतेक वेळा तेच असतात. तरीही अंतर राखणं दोघांच्याही हिताचं असतं.

एका व्यक्तीच्या मागे गटातला एकच जण असं होऊ देऊ नका. दोघांची तोंडओळख असू द्या. तुम्हाला परीक्षा असेल, आई आजारी असेल, मन उबगलं असेल, तर दुसरा जातो. फेरी संपल्यावर चहा घेताना दहा मिनिटं बसून ज्याला जे लागलं ते बोला. ज्याला रात्री झोप येत नाही, सारखा तोच चेहरा आठवतो, त्यानं काही आठवडे स्वयंपाकाचं किंवा हिशेबाचं काम घ्यावं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर स्वयंसेवकांसाठीही आहे.

त्यांच्याही मर्यादा आहेत

त्यांचं बोचकं उचलू नका. आत कागदाचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या असतील, पण ते त्यांचं घर आहे. "स्वच्छता करू या" म्हणून ते फेकून दिल्यावर माणूस जागा सोडून निघून जातो आणि पुन्हा सापडत नाही.

फोटो आणि रील हा माझ्या फार जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. रस्त्यावरच्या माणसाला धरून आणायचं, कॅमेऱ्यासमोर त्याचे केस भादरायचे, आंघोळ घालायची, नवा शर्ट चढवायचा आणि गाणं लावून ते सगळं सोशल मीडियावर टाकायचं, असे व्हिडिओ हल्ली पुष्कळ दिसतात. तो माणूस कधीतरी बरा होईल. त्याची मुलगी, त्याचा जावई ते पाहतील. ज्याला संमती द्यायची स्थितीच नाही, त्याची संमती गृहीत धरता येत नाही. दाढी-आंघोळ करायची असेल तर त्याला विचारून, आडोशाला, कॅमेऱ्याविना करा. घर शोधण्यासाठी फोटो लागतो, तेव्हा तो पोलिसांना किंवा उपचार करणाऱ्यांना द्या, इन्स्टाग्रामला नको.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट घडते. सूफी संत ताजुद्दीनबाबांना १८९२ मध्ये नागपूरच्याच वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि लोक तिथेही दर्शनाला जात. बाबांवर श्रद्धा असणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण त्याच सवयीनं काही जण रस्त्यावरच्या भ्रमिष्ट माणसाला पोचलेला समजतात, पाया पडतात, सट्ट्याचा आकडा विचारतात. त्याच्या जखमेत किडे पडलेले असतात, आणि मलमपट्टीला कुणी नेत नाही. असं दिसलं तर भक्तांशी भांडू नका. "बाबांचा पाय दुखतोय, दवाखान्यात न्यायला हात लावता का?" असं विचारा. पुष्कळदा तेच लोक ऑटो करून देतात.

पोलीस, दवाखाना आणि कायदा

कुणी विचित्र वागतो एवढ्यावरून पोलिसांना बोलवू नका. जो स्वतःचं खाणंपिणं पाहू शकतो, कुणाला त्रास देत नाही, त्याच्याशी ओळख वाढवत राहा आणि उपचाराला स्वतःहून तयार होतो का ते पाहा. जो स्वतःची अजिबात काळजी घेऊ शकत नाही, रुळांवर किंवा रहदारीत शिरतो, मरायची भाषा करतो किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, त्याच्यासाठी मात्र लगेच ११२ ला फोन करा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० मोबाईलमध्ये जपून ठेवा. आपल्या हद्दीत भटकणारी, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. भरती करायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, तर बेघर व्यक्तीला बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोचवायचं असतं. रस्त्यावर परत सोडून देणं कायद्यात बसत नाही.

ठाण्यात कायदा तोंडावर फेकू नका. बरेच पोलीस मदत करायला तयार असतात, अडचण गाडीची आणि माणसांची असते. "साहेब, कलम १०० खाली यांना दवाखान्यात न्यायचं आहे, आम्ही दोघं सोबत येतो, जेवणपाणी आमच्याकडे आहे" असं म्हटलं की काम हलतं. नोंद झाली का ते विचारा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१०० आहे.

तपासणीसाठी स्टेशनकडून मेयो जवळ पडतं, दक्षिणेकडून मेडिकल; दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत. कोराडी रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला ऑटोवाले पागलखाना चौक म्हटलं की बरोबर नेतात. जखम, ताप, अशक्तपणा असेल तर आधी मेयो किंवा मेडिकललाच न्या, कारण शरीराचं दुखणं तिथे आवरतं. बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. डॉक्टरांना द्यायला एक कागद तयार ठेवा: कधीपासून दिसते, झोप, जेवण, बोलणं, जखमा, भाषा, उच्चारलेली गावांची आणि माणसांची नावं. आपले अंदाज त्यात लिहू नका.

बाई असेल तर

थांबू नका, पुढच्या फेरीवर टाकू नका. रस्त्यावर एकटी, आजारी बाई ही रोज रात्री धोक्यात असते. ११२ किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करा, महिला पोलीस मागा, गटातल्या बायकांनीच जवळ जावं, आणि गाडी येईपर्यंत कुणीतरी नजरेच्या टप्प्यात थांबावं. मासिक पाळी थांबली आहे का, पोट वाढलं आहे का, कुठे मार लागला आहे का, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. कागदावर ते चारचौघांत वाचलं जाईल असं लिहू नका. मूल सोबत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा.

भरती झाल्यावर

गट इथे बहुधा सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. पण औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांत माणूस स्वतःचं नाव, गाव, भावाचं नाव सांगू लागतो, तेव्हा ओळखीचा चेहरा समोर असला तर फार बरं होतं. भेटीची वेळ विचारून घ्या, वॉर्डातल्या सिस्टर आणि समाजसेवा अधीक्षकांशी ओळख ठेवा. मॅगसेसे पुरस्कार २०१८ मध्ये मिळालेले डॉ. भरत वाटवानी कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून अशा माणसांना बरं करून देशभरातल्या गावी पोचवत आले आहेत. घर सापडतं, हे त्यांच्या कामानं दाखवून दिलं आहे.

घरच्यांचा फोन लागला तर लगेच "घेऊन जा" म्हणू नका. त्यांनी आधी खूप सोसलेलं असतं, कधी जमीन विकून उपचार केलेले असतात, कधी बायकोनं मार खाल्लेला असतो. कधी घरच्यांनीच त्याला छळलेलं असतं. त्यामुळे आधी त्या माणसाला विचारा की जायचं आहे का, आणि बोलणं डॉक्टरांकडून होऊ द्या. घरी गेल्यावर औषध बंद पडलं की तो पुन्हा गाडीत बसतो. म्हणून सोबत जाताना चार गोष्टी न्या: औषधांची चिठ्ठी, निदान महिन्याभराच्या गोळ्या, त्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा पत्ता आणि पुढच्या तपासणीची तारीख. ती तारीख गटाच्या वहीतही लिहा, आणि त्या आठवड्यात घरी एक फोन करा.